मणक्यातली डिस्क नेमकी असते कशी आणि दिवसभर करते काय

प्रश्न थोडक्यात असा होता: कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये एल४-एल५ ला (म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधे) 'डिस्क डेसिकेशन' आणि 'डिफ्यूज बल्ज' असं आलं, घरातले म्हणतायत गादी सरकली, आता जन्मभर जपून राहायचं. तर ही डिस्क म्हणजे नक्की काय, तिचं काम काय आणि एकदा बिघडली की कायमची बिघडली का? मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं मणक्याच्याच पेशंटबरोबर काम करतेय. उत्तर लांबणार आहे, कारण हा विषय दोन ओळीत उरकला की लोक एकतर घाबरून अंथरुण धरतात नाहीतर साफ दुर्लक्ष करतात.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. डिस्क ही दोन हाडांच्या मधे सुटी ठेवलेली वस्तू नाहीये. तिच्या बाहेरच्या थरांचे तंतू वरच्या आणि खालच्या मणक्याच्या हाडात चक्क रुजलेले असतात, शिवाय पुढून आणि मागून लांबच लांब लिगामेंटच्या, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्या तिला धरून असतात, त्यामुळे आख्खी डिस्क जागेवरून निसटली असं होतच नाही. होतं काय, तर तिच्या कडेचा एखादा भाग फुगतो किंवा फाटतो आणि आतलं थोडं बाहेर येतं. त्याकडे पुढे येतेच.

अशा डिस्क आपल्याला २३ असतात. मानेत ६, पाठीत १२, कमरेत ५. कवटी आणि पहिला मणका यांच्या मधे डिस्क नसते, पहिल्या-दुसऱ्याच्या मधेही नसते, कारण तिथे मान डोलवणं आणि वळवणं यासाठी वेगळ्याच प्रकारचे सांधे आहेत. मणक्यांच्या पूर्ण लांबीचा साधारण पाव भाग ही हाडं नसून या डिस्कच आहेत, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. पाठीतल्या डिस्क पातळ, कमरेतल्या सगळ्यात जाड, म्हणजे साधारण १ सेंटीमीटरच्या आसपास उंची आणि रुंदीला ४ सेंटीमीटरच्या वर. मानेतल्या आणि कमरेतल्या डिस्क पुढून जाड आणि मागून जरा बारीक असतात, मानेला आणि कमरेला जो आत जाणारा बाक असतो तो बराचसा त्यामुळेच येतो.

आता आतली रचना. तीन भाग आहेत आणि तिघांचं एकमेकांशिवाय काही चालत नाही.

मधोमध न्यूक्लियस, म्हणजे घट्ट जेलसारखा गाभा. आपण पोटात गर्भ असतो तेव्हा नोटोकॉर्ड नावाची एक दोरी पाठीच्या मध्यरेषेत असते, तिच्याच उरलेल्या भागातून हा गाभा बनतो. लहानपणी आणि तरुणपणी यात ८० टक्क्यांच्या वर पाणी असतं. हे पाणी तिथे टिकतं कसं, कारण वरून शरीराचं वजन सतत ते पिळून काढायला बघत असतं? तर या गाभ्यात अ‍ॅग्रिकन नावाचे मोठाले रेणू असतात, त्यांच्यावर ऋण भार असतो, त्या भारामुळे सोडियमसारखे आयन आत ओढले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी. म्हणजे डिस्क सतत पाणी ओढत असते आणि वजन सतत पाणी बाहेर ढकलत असतं, या दोघांची रस्सीखेच आयुष्यभर चालू असते. डिस्कबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, बाकी जवळजवळ सगळं यातूनच निघतं.

गाभ्याभोवती अ‍ॅन्युलस, म्हणजे तंतूंच्या कड्या. एकात एक अशा साधारण १५ ते २५ कड्या असतात. प्रत्येक कडीतले कोलॅजनचे (एका चिवट प्रथिनाचे) तंतू तिरके असतात, आडव्या रेषेशी साधारण ३० अंशात, आणि गंमत म्हणजे शेजारच्या कडीत ते उलट दिशेने तिरके असतात. गाडीच्या टायरमधे दोऱ्यांचे थर असे एकावर एक उलटसुलट तिरके घातलेले असतात ना, तसंच. टायरची उपमा मला आवडते कारण ती कामाच्या बाबतीतही बरोबर बसते: आतला दाब वजन उचलतो आणि बाहेरचे थर त्या दाबाला बाहेर पळू देत नाहीत. नुसता टायर हवेशिवाय बसतो, नुसत्या हवेला आकार नसतो.

तिसरा भाग एंडप्लेट, याच्याबद्दल कोणी बोलतच नाही आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. मणक्याच्या हाडाच्या वरच्या आणि खालच्या तोंडावर कूर्चेचा एक पातळ थर असतो, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा किंवा त्याहून कमी. डिस्कला खायला-प्यायला मिळतं ते मुख्यतः या थरातून. आणि सरळ वरून प्रचंड दाब दिला, उदाहरणार्थ उंचावरून बुडावर आदळलं, तर आधी तुटते ती ही एंडप्लेट, डिस्क नव्हे. गाभ्याचा थोडा भाग मग हाडातच घुसतो, एमआरआयवर त्याला श्मॉर्ल नोड म्हणतात, पुष्कळ लोकांना असतात आणि बहुतेकांना आयुष्यात कधी कळतही नाही.

आता काम. सगळीकडे लिहिलेलं असतं की डिस्क शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे. मला हे अर्धवट वाटतं. उडी मारल्यावर धक्का खातात ते मुख्यतः पाय, गुडघे, स्नायू आणि मणक्याचा एकूण बाक. डिस्कची खरी कामं वेगळी आहेत. पहिलं म्हणजे वजन समान वाटणं. गाभा पाणीदार असल्यामुळे त्याच्यावर दाब आला की तो सगळ्या दिशांना सारखाच पसरतो, त्यामुळे तुम्ही जरा वाकडे उभे असलात तरी खालच्या हाडाच्या एकाच टोकावर सगळा भार येत नाही. दुसरं, हालचाल. हाडावर हाड असतं तर वाकता आलं नसतं, आणि नुसती मऊ गोष्ट मधे असती तर मणके डळमळले असते, डिस्क दोन्ही सांभाळते. तिसरं म्हणजे उंची राखणं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. दोन मणक्यांच्या बाजूला जी खिडकी असते तिच्यातून नस बाहेर पडते, डिस्कची उंची कमी झाली की ती खिडकीही लहान होते, आणि मागच्या बाजूला जे छोटे फॅसेट जॉइंट असतात त्यांच्यावर जास्तीचा भार जातो. वयस्कर माणसांत पुष्कळदा दुखणं डिस्कचं नसतं, डिस्क बसल्यामुळे मागे आलेल्या या भाराचं असतं.

पुढे वाकलं की काय होतं? डिस्कची पुढची बाजू दबते, मागचे थर ताणले जातात आणि गाभ्याचा रेटा मागच्या बाजूकडे वाढतो. मागे वाकलं की उलट. पिळलं की अर्ध्या कड्या ताणल्या जातात आणि उलट्या तिरक्या असलेल्या अर्ध्या सैल पडतात, म्हणून पिळण्याच्या बाबतीत डिस्क कमजोर असते, पण कमरेत निसर्गानेच सोय केलीय, फॅसेट जॉइंट एका पातळीवर दोन-तीन अंशांच्या पलीकडे फिरूच देत नाहीत. आपण कमरेतून वळलो असं वाटतं ते बरंचसं खुब्यातून आणि पाठीतून वळलेलं असतं. म्हणजे एकटं वाकणं, एकटं वजन, एकटं पिळणं हे निरोगी डिस्क निभावून नेते, गडबड होते ती तिन्ही एकदम आली की: पूर्ण वाकलेले, हातात जड, आणि तसंच बाजूला वळून ठेवायचं.

दाब किती येतो हे लोकांनी प्रत्यक्ष मोजलंय, जिवंत माणसाच्या डिस्कमधे सुई घालून. स्वीडनमधे नाकेमसन या ऑर्थोपेडिक सर्जननी १९६०च्या दशकात हे सुरू केलं, आणि 'उभं राहण्यापेक्षा बसणं वाईट' हे वाक्य तिथूनच सगळीकडे गेलं. नंतर १९९९ मधे जर्मनीतल्या विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या एल४-एल५ डिस्कमधे सेन्सर ठेवून दिवसभराची मोजणी केली. आडवं पडल्यावर ०.१ मेगापास्कल (हे दाब मोजायचं एकक), सरळ उभं असताना ०.५, उभ्याने पुढे वाकल्यावर १.१. कंबर गोल करून २० किलो उचलले तर २.३, गुडघे वाकवून उचलले तर १.७, आणि तेच वजन अंगाला चिकटवून धरलं तर १.१. तुलनेला सांगते, कारच्या टायरमधे साधारण ०.२ ते ०.२५ मेगापास्कल असतो. म्हणजे नुसतं उभं राहिलं तरी डिस्क टायरच्या दुप्पट दाबाखाली आहे आणि तिला काहीही होत नाही, तिची बांधणीच तशी आहे.

आणि बसण्याचं काय निघालं? टेकून न बसता आरामात बसल्यावर ०.४६, म्हणजे उभ्यापेक्षा किंचित कमीच, आणि खुर्चीत पसरून रेलून बसल्यावर फक्त ०.२७. एकाच माणसावर केलेलं आहे, आकडे तंतोतंत घेऊ नका, पण 'ताठ बसा नाहीतर डिस्क जाईल' ही जी भीती घातली जाते तिला या आकड्यांत आधार सापडत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत ताठ बसण्याचा अट्टाहास करून पाठीचे स्नायू आखडून घेतलेले लोक पुष्कळ असतात. बसण्याचा त्रास आहे तो दोन-तीन तास एकाच पोझिशनमधे न हलता बसण्याचा, मग ती पोझिशन पुस्तकातली का असेना.

आता ती पाण्याची रस्सीखेच. दिवसभर तुम्ही उभे-बसलेले असता तेव्हा वजन जिंकतं, डिस्कमधून हळूहळू पाणी बाहेर जातं, रात्री आडवे झालात की दाब उतरतो आणि डिस्क परत पाणी ओढते. विल्केंच्याच मोजणीत झोपेत सात तासांत दाब ०.१ वरून ०.२४ पर्यंत चढला होता, म्हणजे काही न करता, फक्त पाणी भरून. यामुळे आपली उंची सकाळी जास्त आणि रात्री कमी असते, फरक साधारण एक टक्का, म्हणजे दीड-दोन सेंटीमीटर, आणि यातली जवळजवळ अर्धी घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते. विश्वास बसत नसेल तर घरी भिंतीला टेकून सकाळ-रात्र मोजून बघा. अंतराळवीरांचं तर याहून पुढचं आहे, तिथे मणक्यावर वजनच नाही म्हटल्यावर काही जण ५ सेंटीमीटरपर्यंत उंच होतात, कंबर दुखते, आणि परत आल्यावर त्यांच्यात डिस्क फाटण्याचं प्रमाणही जास्त दिसलंय. म्हणजे भार पूर्ण काढून घेणं हेही डिस्कला मानवत नाही, हे लक्षात घ्या.

याचा रोजच्या आयुष्याशी सरळ संबंध आहे. सकाळी उठल्या उठल्या डिस्क पाण्याने टम्म असते, त्यामुळे वाकताना मागच्या थरांवर ताण कितीतरी जास्त येतो. ज्यांना कंबरदुखी आहे त्यांचा 'सकाळी मोजे घालताना चमक भरली' हा अनुभव यातूनच येतो. १९९८ मधे स्नूक या संशोधकांचा एक छान अभ्यास आला, जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना फक्त सकाळच्या सुरुवातीच्या वेळात कमरेतून वाकणं टाळायला शिकवलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं. ना औषध ना मशीन. म्हणून मी पेशंटना सांगते की पोटाचे, पुढे वाकायचे, पायाचे अंगठे धरायचे जे काही व्यायाम असतील ते उठल्यावर लगेच नकोत, तास-दीड तास जाऊ द्या, आधी जरा चाला-फिरा.

डिस्कला रक्तवाहिन्या नसतात हे माहीत आहे का? लहानपणी एंडप्लेटमधे काही असतात, मग त्या बंद होतात. मोठ्या माणसात शरीरातला हा सगळ्यात मोठा रक्तवाहिनी नसलेला भाग. कमरेच्या डिस्कच्या मधल्या पेशी जवळच्या रक्तवाहिनीपासून ६ ते ८ मिलिमीटर लांब असतात, आणि शरीरातल्या इतर पेशींच्या हिशोबाने हे अंतर प्रचंड आहे. ऑक्सिजन आणि ग्लुकोज एंडप्लेटमधून झिरपत झिरपत तिथे पोचतं, लॅक्टिक अ‍ॅसिड तसंच झिरपत बाहेर येतं. त्यामुळे तिथे ऑक्सिजन कमी, आम्लता जास्त, पेशी फार थोड्या, सगळ्या आकारमानाच्या साधारण एक टक्का. एवढ्याशा पेशींनी आजूबाजूचा सगळा माल तयार करायचा आणि दुरुस्त करायचा. म्हणून डिस्क सगळं हळू करते, भरते हळू, बिघडते हळू, सुधारतेही हळू. अ‍ॅग्रिकन बदलायला वर्षं लागतात, कोलॅजनला तर कित्येक दशकं. 'पंधरा दिवसात डिस्क नवी' असं कोणी विकत असेल तर हे एवढं आठवलं तरी पुरे.

व्यायामाने डिस्कमधे अन्न पंप होतं असं आमच्यातलेही बरेच जण सांगतात. ते पूर्ण बरोबर नाही, लहान रेणू मुख्यतः झिरपूनच जातात, पंप झाला काय न झाला काय. पण डिस्कमधल्या पेशींना भार जाणवतो, आणि मध्यम, चढ-उतार होणारा भार मिळाला तर त्या जास्त माल बनवतात, सततचा दाबून ठेवलेला भार किंवा भारच नसणं दोन्ही त्यांना नको असतं. २०१७ मधे एक अभ्यास आला होता, वर्षानुवर्षं पळणाऱ्या लोकांच्या कमरेच्या डिस्कमधे न पळणाऱ्यांपेक्षा पाणी जास्त आणि उंचीही चांगली दिसली. पळण्यामुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, मुळात चांगल्या डिस्कवालेच पळत राहत असतील असंही असू शकतं, पण 'पळाल्याने डिस्क झिजतात' या समजाची तरी त्यात वाट लागते. सिगरेट मात्र नक्की वाईट, जो थोडाफार पुरवठा एंडप्लेटपर्यंत येतो त्यावरच ती घाला घालते.

आता तुमचा रिपोर्ट. डेसिकेशन म्हणजे गाभ्यातलं पाणी कमी झालं, एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात पाणीदार डिस्क पांढरी दिसते आणि कोरडी काळी. अ‍ॅग्रिकन तुटत जातो, पाणी धरायची ताकद कमी होते, गाभा तंतुमय होतो, हवा कमी झालेल्या टायरसारखी डिस्क जरा बसते आणि बाजूला फुगते, ते फुगणं म्हणजे बल्ज. हे विशीतच सुरू होतं. २०१५ मधे ३००० हून जास्त अशा लोकांच्या स्कॅनचा एकत्र आढावा घेतला गेला ज्यांना कंबरदुखी नव्हतीच. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत डिस्कची झीज होती, आणि बल्ज विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. परत सांगते, या लोकांना काहीही दुखत नव्हतं. म्हणून रिपोर्टमधला शब्द आणि तुमचं दुखणं यांचा संबंध आहे का नाही हे रिपोर्ट सांगू शकत नाही, ते तपासूनच कळतं.

'जड उचललं म्हणून झालं का' हाही प्रश्न नेहमी येतो. फिनलंडमधे जुळ्या भावांवर मोठा अभ्यास झाला, एक आयुष्यभर अंगमेहनतीचं काम करणारा, दुसरा बसून काम करणारा अशा जोड्या घेऊन, आणि दोघांच्या डिस्क बऱ्याच सारख्या निघाल्या. कामाच्या भाराचा वाटा होता पण लहान, आनुवंशिकतेचा मोठा. तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका.

बल्जच्या पुढच्या पायऱ्या: अ‍ॅन्युलसचे आतले थर फाटून एका जागी गाभा बाहेर रेटला गेला तर प्रोट्रुजन, पूर्ण भेदून बाहेर आला तर एक्सट्रुजन, आणि तुकडा सुटून वेगळा पडला तर सिक्वेस्ट्रेशन. हे बहुतेक वेळा मागे आणि जरा बाजूला होतं, कारण अगदी मधोमध मागची लिगामेंट पट्टी मजबूत असते आणि तिच्या कडेला कमी आधार असतो, आणि नेमकी तिथूनच नस जाते, नशीबच म्हणायचं. कमरेतल्या ९० टक्क्यांहून जास्त केसेस एल४-एल५ आणि एल५-एस१ (कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड यांच्या मधे) या दोनच ठिकाणच्या. एल४-एल५ ला सहसा एल५ नस सापडते, मग नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत कळ आणि अंगठा वर उचलायला कमजोरी. एल५-एस१ ला एस१ नस, मग पोटरी, टाच, पावलाची बाहेरची कड, आणि चवड्यावर उभं राहताना पाय साथ देत नाही. डिस्कच्या स्वतःच्या नसा फक्त बाहेरच्या एक तृतीयांश थरात असतात, गाभ्याला वेदना कळतच नाही, त्यामुळे आत बरंच काही होऊनही माणसाला पत्ता नसतो. (जुन्या फाटलेल्या डिस्कमधे भेगांतून नवीन नसा आत वाढतात, काहींचं दुखणं त्यामुळे रेंगाळतं.)

बाहेर आलेल्या गाभ्यामुळे पायात कळ येते हे १९३४ मधे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी नीट मांडलं, तोवर ऑपरेशनमधे सापडणाऱ्या या तुकड्यांना कूर्चेच्या गाठी समजत होते. त्यानंतर बराच काळ सगळे 'दबली, दबली' एवढंच म्हणत राहिले. पण निरोगी नस नुसती दाबली तर मुख्यतः बधिरपणा आणि मुंग्या येतात, ती जळजळीत कळ येते कारण गाभ्यातल्या रसायनांनी नसेला सूज आलेली असते. म्हणून मोठा तुकडा आणि कमी दुखणं, किंवा लहानसा तुकडा आणि झोप उडवणारं दुखणं, हे दोन्ही मी बघते.

आणि हीच सूज पुढे उपयोगीही पडते. शरीर त्या बाहेर पडलेल्या तुकड्याला परकं समजून हल्ला चढवतं, नवीन रक्तवाहिन्या तिथे येतात, पेशी येऊन तुकडा खाऊन टाकतात. त्यामुळे उलटंच चित्र दिसतं: सुटून पडलेला तुकडा आपोआप विरघळायची शक्यता सगळ्यात जास्त, एका आढाव्यात ९० टक्क्यांच्या वर, एक्सट्रुजन ७० टक्के, प्रोट्रुजन ४० च्या आसपास, आणि साधा बल्ज सगळ्यात कमी, १३ टक्के. रिपोर्टमधे शब्द जितका भयंकर तितका तो जायची शक्यता जास्त. तुमचा बल्ज कदाचित दहा वर्षांनीही तसाच दिसेल आणि तुम्हाला काही दुखत नसेल, दोन्ही एकदम शक्य आहे. गाभ्यातलं गेलेलं पाणी विशीतल्यासारखं परत येत नाही, पण दुखणं थांबायला ते यावंच लागतं असंही नाही.

काही लक्षणं दिसली तर मात्र थांबायचं नाही. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, दोन्ही पायांत कमजोरी, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल. पाऊल लटकं पडायला लागलं तरी उशीर नको. ताप, वजन आपोआप घटणं, कॅन्सरचा जुना इतिहास, मोठी पडझड, यांच्याबरोबरची कंबरदुखी आधी डॉक्टरांनी बघायची, व्यायाम नंतर.

बाकीच्यांनी काय करायचं? पूर्ण झोपून राहणं एक-दोन दिवसांपलीकडे नको. चालणं चालू ठेवा, थोडं थोडं पण दिवसातून बऱ्याच वेळा. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, निदान पोझिशन बदला. उचलताना गुडघे वाकवले का नाही यापेक्षा वस्तू अंगाजवळ आहे का हे आधी बघा, विल्केंच्या मोजणीत तेच २० किलो छातीपासून ६० सेंटीमीटर लांब धरल्यावर दाब १.१ वरून १.८ वर गेला होता. दुखणं उतरलं की हळूहळू वजन घेऊन व्यायाम करायचाच, कायमचं 'जड उचलू नका' हा सल्ला मला पटत नाही, त्याने माणूस आणि पाठ दोन्ही कमजोर होतात. कमरेचा पट्टा तीव्र दुखण्यात प्रवासापुरता ठीक, महिनोन्महिने नको. ट्रॅक्शनने, म्हणजे मशीनने कंबर ताणून, काहींना मशीनवर असेपर्यंत बरं वाटतं, पण अभ्यासांत त्याचा टिकाऊ फायदा दिसलेला नाही, आणि बारला लटकून गॅप कायमचा वाढतो हा तर निव्वळ गैरसमज, उभे राहिलात की वजन परत आलंच.

ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण पुढचा प्रश्न तोच असणार. नुसत्या कंबरदुखीला, पायात काही नसताना, बल्जसाठी ऑपरेशनची घाई करू नका. पायातली कळ दीड-दोन महिने हटत नसेल तर गोष्ट वेगळी. नेदरलँड्समधे २००७ च्या अभ्यासात अशा पेशंटचे दोन गट केले, एकाचं लवकर ऑपरेशन आणि दुसऱ्याला थांबवून उपचार. वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले होते, ऑपरेशनवाले लवकर मोकळे झाले एवढाच फरक, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मधे ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे किती दिवस सहन होतंय, काम किती अडलंय यावर बराचसा निर्णय तुमचा. त्यात डिस्क काढून टाकतात असं समजू नका, बाहेर आलेला तुकडा आणि थोडं सुटं असेल तेवढंच काढतात, बाकी डिस्क जागेवर असते. अ‍ॅन्युलसमधली फट हळूहळू कच्च्या टिश्यूने भरते, त्यामुळे चालणं लगेच सुरू केलं तरी पहिले काही आठवडे कमरेतून वाकून उचलणं टाळायचं, आणि साधारण ५ ते १५ टक्के लोकांत तिथूनच परत तुकडा येऊ शकतो, तेव्हा पहिल्यासारखीच कळ त्याच पायात परत सुरू झाली तर घरी व्यायाम वाढवत न बसता सर्जनना दाखवा.